सूर्यबिंबाची थरथर

चैत्रातल्या भर दुपारी कर्जतच्या रुळांकडे पाहावे. तापलेल्या हवेत पलीकडचे सारे थरथरताना दिसते. दहिवलीकरांना हे नवे नाही. सूर्याच्या अभ्यासकाला मात्र हीच थरथर छळते. ताऱ्यांचे वेध घेणाऱ्यास निदान निवलेली जमीन मिळते. याचे काम ऐन उन्हात! बिंब एक विकला हलले, की सूर्यावरचा सुमारे सव्वासातशे किलोमीटरांचा तपशील पुसट होतो.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. १८९८ चे खग्रास ग्रहण त्यांनी जेऊरला टिपले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मिटली; वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर संस्था संपावी, हे आम्हांस आजही बोचते.

थरथर मोजण्याची युक्ती सोपी आहे. दुर्बिणीच्या तोंडाशी दोन लहान भोके ठेवून सूर्याच्या कडेच्या दोन प्रतिमा घ्यायच्या. दुर्बीण हलली तर दोन्ही सारख्याच हलतात. त्यांच्या हलण्यात फरक पडला, तर तो हवेचा. अरविंद भटनागरांनी १९७५ च्या सुमारास उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावर सौर वेधशाळा मांडली, कारण पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही.