भाषा लावायची कुणी?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, कुठलंही घर घ्या. लेकरं डोरेमॉन हिंदीत बघतात. कॉलेजातला पोरगा तेलुगू सिनेमा हिंदी आवाजात लावतो, त्याच्या बहिणीला तोच मूळ आवाजात, खाली इंग्रजी ओळी असा हवा असतो. आजी म्हणते, मराठीत लावा की! एकाच चित्राच्या तोंडी चार भाषा घालायची सोय मोबाइलनं आणली असं वाटतं खरं, पण ती सिनेमाइतकीच जुनी आहे. फक्त भाषा ठरवणारा माणूस दर वेळी वेगळा होता.

3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मुका चित्रपट, प्रसंगांच्या मधे पाट्या. आज उरलेल्या भागांत त्या इंग्रजी आणि हिंदीत दिसतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी मूकपटांच्या जमान्यात कुणीतरी पाटी मोठ्यानं वाचून दाखवी, आणि वाचणाऱ्याची भाषा तीच त्या खेळाची भाषा होई.

बोलपट आला आणि पाटीची सोय गेली. 1929 साली पॅरिसमध्ये 'द जॅझ सिंगर' दाखवताना चित्राखाली फ्रेंच ओळी टाकल्या. पुढं या ओळी फिल्मवर कोरण्याची युक्ती निघाली. प्रत्येक वाक्याचा बारीकसा धातूचा ठसा करायचा, फिल्मवरचा थर मऊ करायचा आणि एकेका फ्रेमवर तो दाबायचा. थर निघाला तिथून उजेड आरपार जातो, म्हणून अक्षरं पांढरी. आपल्या सिनेमात धोतर-सदऱ्यातला माणूस समोर आला की ती गायबच!

दुसरा रस्ता कानाचा, आणि तिथं मराठी माणूस फार लवकर पोचला. 1932 मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत काढला. डबिंग नव्हे, संवाद मराठीत चित्रित करायचे आणि पुन्हा हिंदीत. 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा 'आदमी'. 1941 च्या 'शेजारी'त पाटील झाले केशवराव दाते, तर हिंदीतल्या 'पडोसी'त तीच भूमिका मझहर खान यांनी केली. त्याचा शेजारी मिर्झा मात्र दोन्हीत गजानन जागीरदारच. आज बटण दाबल्यावर आवाज बदलतो, तेव्हा अख्खा माणूस बदलायचा. कारण व्यवहाराचं होतं: मराठीचा बाजार लहान, हिंदीचा मोठा. गावात यातलं काय लागणार हे थेटरवाला ठरवी.

तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, घरची मराठी, बंजारा तांड्यावरची गोरमाटी. समोरच्या माणसाप्रमाणे भाषा बदलायची सवय इथं सिनेमाच्या कितीतरी आधीची. ज्यांना आम्ही हिंगोलीजवळच्या नरसीचे मानतो त्या नामदेवांचे अभंग मराठीत, आणि वेगळ्या भाषेतली त्यांचीच 61 पदं गुरू ग्रंथसाहेबात.

पुढं दूरदर्शननं रविवारी दुपारी बंगाली, मल्याळम सिनेमे दाखवले, खाली इंग्रजी ओळी. ज्याला इंग्रजी येत नाही त्याची झोप होई. व्हीसीडीवर तर कधी डाव्या स्पीकरला एक भाषा नि उजव्याला दुसरी भरलेली असे. डीव्हीडीनं 8 आवाज आणि 32 सबटायटलांची जागा करून दिली आणि निवड खऱ्या अर्थानं घरात आली.

6 जानेवारी 2016 ला नेटफ्लिक्स भारतात आलं तोवर तबकडीही मागं पडली होती. आता चित्र वेगळं, प्रत्येक भाषेचा आवाज वेगळा, आणि सबटायटल म्हणजे साधी मजकुराची फाइल: ओळ कधी उमटायची, कधी पुसायची याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ आणि खाली वाक्य. आख्ख्या सिनेमाच्या ओळी एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतात. 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर मराठीतही ऐकता आली. 

बटण आपल्या हाती आलं, पण भाषांची यादी अजून दुसराच करतो. गोरमाटी तिथं सापडत नाही. मराठी सिनेमाखाली ओळी येतात त्याही बहुतेकदा इंग्रजी. बोलणं ज्या भाषेत त्याच भाषेत ओळी दिल्या तर वाचन सुधारतं, हे अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी 1996 पासून सांगत आले. 'चित्रहार'मधल्या गाण्यांखाली हिंदी शब्द आले ते त्यातूनच. 'पठाण' ओटीटीवर आणताना हिंदी सबटायटल आणि कॅप्शन द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये निर्मात्यांना सांगितलं, ते ऐकू न येणाऱ्यांसाठी. कळमनुरीच्या ज्या आजोबांना ऐकायला कमी येतं, त्यांनी मराठी सिनेमा बघायचा कसा?

मराठी निर्मात्यांनो, संवादांची मराठी संहिता तुमच्याकडे टाइप केलेली असतेच. ती वेळेशी जुळवून इंग्रजीच्या शेजारी द्या. त्याला भाषांतरकारही लागत नाही.