कण्यातील स्क्रू-सळ्या काढल्यानंतर

भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे आकाराला आलेल्या पावर हाउस परिसरात वजन उचलणे, वाकणे आणि तासन्‌तास उभे राहणे हा अनेकांच्या रोजगाराचाच भाग आहे. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि नंतर आतील धातू काढलेल्या कष्टकरी माणसापुढे त्यामुळे पहिला प्रश्न कामावर परतण्याचा असतो. त्याचे उत्तर पाठीवरील जखमेपेक्षा हाडांतील छिद्रांवर अधिक अवलंबून आहे.

१९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी यांनी मणके जोडण्याच्या पद्धती मांडल्या, तेव्हा क्षयाने पोखरलेल्या कण्याला आधार देणे हा प्रमुख हेतू होता. त्या काळी रुग्णाला दीर्घकाळ खिळून राहावे लागे. पुढे स्क्रू आणि सळ्या आल्या. हाड जुळून येईपर्यंत मणके स्थिर ठेवणे एवढेच त्यांचे काम असते. तथापि ते संपले म्हणून धातू काढलाच पाहिजे असे नाही. बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर राहतो. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणे अथवा तुटणे, किंवा कृश व्यक्तीच्या त्वचेखाली त्याचे टोक टोचणे ही काढण्याची सबळ कारणे होत. केवळ पाठदुखीसाठी धातू काढल्यास आराम पडेलच, याची हमी कोणताही शल्यविशारद देत नाही, कारण वेदनेचे मूळ शेजारच्या मणक्यात किंवा मज्जातंतूतही असू शकते. हाड खरोखर जुळले आहे काय, हे आधी सीटी स्कॅनने तपासले जाते.

ही शस्त्रक्रिया सहसा पहिलीपेक्षा लहान असते. रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू लागतो, टाके दहा ते चौदा दिवसांत काढले जातात आणि येथेच फसगत होते. जखम भरली, दुखणे ओसरले, म्हणजे आपण बरे झालो असे वाटते. परंतु स्क्रूंनी व्यापलेल्या जागा रिकाम्या झालेल्या असतात. त्या हाडाने भरण्यास काही महिने लागतात आणि तोवर जोर किंवा धक्का बसल्यास हाड मोडण्याचा धोका राहतो. बैठे काम साधारणतः दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. अवजड काम मात्र बहुधा तीन महिन्यांनंतर, तेही तपासणी करून. चालणे हा या काळातील उत्तम व्यायाम. पाण्याची भरलेली बादली, जमिनीवरून वाकून उचललेले मूल, खड्ड्यांच्या रस्त्यावरील दुचाकी टाळावी. शौचास उकिडवे बसण्याऐवजी कमोडची खुर्ची वापरावी. तंबाखू, विडी बंद ठेवणे हाडासाठी आवश्यकच आहे.

संसर्गामुळे धातू काढला असल्यास प्रतिजैविके अनेक आठवडे घ्यावी लागतात. क्षय असल्यास त्याची औषधे, बरे वाटले तरी, मध्येच सोडता येत नाहीत.

ताप, जखमेतून स्राव, पायांतील नवी दुर्बलता, लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या भागातील बधिरता यांपैकी काहीही आढळल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. पोटरीची सूज किंवा अचानक धाप लागणे हेही तातडीचे लक्षण आहे.

भिलाईत सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे, तर रायपूर येथे २०१२ पासून एम्स कार्यरत आहे. शस्त्रक्रिया नागपूरसारख्या दूरच्या शहरी झाली असेल, तर परतीच्या रेल्वेप्रवासात खालचा बर्थ घ्यावा आणि अधूनमधून उठून डब्यात फेरी मारावी. फेरतपासणी स्थानिक डॉक्टरांकडे होणार असल्यास रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळणारा कागद जपून ठेवणे अगत्याचे आहे. किती स्क्रू काढले, एखाद्या तुटलेल्या स्क्रूचे टोक हाडातच ठेवले काय, याची नोंद त्यावर करून घ्यावी. पुढे कधी एमआरआय करण्याची वेळ आली, तर तेथे पहिली विचारणा याचीच होते.