टेबिट यांची ‘क्रिकेट टेस्ट’
हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी एप्रिल १९९० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत हा निकष मांडला : ब्रिटनमधले आशियाई स्थलांतरित सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडतात, इंग्लंडच्या की मायदेशाच्या? त्यांच्यातले बरेच जण या परीक्षेत नापास होतात, असे टेबिट यांचे म्हणणे. मद्रासमध्ये जन्मलेला नासिर हुसेन त्याआधी काही आठवडेच किंग्स्टनला इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला होता. १९९९ मध्ये तो कर्णधारही झाला. शिवाय फुटबॉलमध्ये इंग्लंड हरले की खूश होणारे स्कॉटिश लोक पुष्कळ आहेत. निकष सरसकट लावला तर तेही ब्रिटिश ठरणार नाहीत. आमच्या मते तो मुळातच अन्यायकारक आहे. — संपादक