पेव, कणगी आणि पावसाळ्याची बेगमी

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला, की तिचे 'पेव फुटले' असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्दप्रयोग आज बहुधा निंदेसाठीच येतो. मूळचे पेव मात्र निंदेचा विषय नव्हते. ते जमिनीच्या पोटातले धान्याचे कोठार होते, आणि ते फोडण्याची पाळी येऊ नये, अशीच पेव भरणाऱ्या घरधन्याची इच्छा असे. खानदेशातील घर संकटाला कसे सामोरे जात होते, हे जाणून घ्यायचे असेल, तर ह्या पेवापासूनच आरंभ करावा लागेल.

पाचोरा हे गिरणेच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेकडे तापीपर्यंत पसरलेली काळीभोर जमीन. हा मुलूख सुपीक खरा. पण त्याचा इतिहास सुखाचा नाही. १८०२ ते १८०४ या काळात सैन्यांची लुटालूट आणि दुष्काळ अशी दुहेरी आपत्ती खानदेशावर कोसळली, आणि गावेच्या गावे ओस पडली. १८२२ मध्ये तापीच्या पुराने पासष्ट गावे नाहीशी केली. १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना एकाच वेळी महापूर आला. दीडशेहून अधिक गावांना त्याचा तडाखा बसला आणि एकट्या धुळ्यात सुमारे पाचशे घरे वाहून गेली. १८९९-१९०० चा दुष्काळ तर पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. संकट येईल किंवा न येईल, असा प्रश्नच येथील माणसापुढे नव्हता. ते कोणत्या वर्षी येईल, एवढेच ठाऊक नसे.

पेव काळ्या रानात काढीत नसत. काळी माती पाणी धरते. गावठाणाची उंचावरची पांढरी किंवा मुरमाड जागा त्यासाठी निवडली जाई. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढेच अरुंद, आणि आत पोट मात्र ऐसपैस. आत जाळ करून भिंती कोरड्या करायच्या, तळाला व कडेने कडबा वा भुसा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकायचे. आत हवा राहिली नाही म्हणजे किडीलाही जगता येत नाही. असे धान्य कित्येक वर्षे टिके. त्याला एक कुबट वास येई, पण दुष्काळात वासाकडे कोण पाहतो? पेव उघडण्याचेही शास्त्र होते. तोंड मोकळे करून बराच वेळ जाऊ द्यायचा, दिवा आत सोडून पाहायचा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. आतल्या कोंडलेल्या विषारी वायूने घाईघाईत उतरलेली माणसे दगावत.

मात्र पेव हा दुष्काळावरचा उपाय. पुरापुढे त्याचा काही इलाज नव्हता. पाणी गावात शिरले की जमिनीखालचे धान्य सर्वांत आधी नासे. म्हणूनच शहाणे घर आपला सगळा साठा एका जागी ठेवीत नसे. थोडे पेवात, थोडे शेणामातीने सारवलेल्या कणगीत, थोडे मडक्यांच्या उतरंडीत, बियाणे राखेत घोळून वेगळे. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून ती चोपायची, कारण झड लागली की जुने धाबे गळू लागे.

ह्या सिद्धतेचा मोठा भाग स्त्रियांच्या हाती होता. उन्हाळ्यातील वाळवणाकडे आपण आज हौस म्हणून पाहतो. ज्वारीचे बिबडे, डाळींचे सांडगे, वाळवलेली गवार आणि मेथी, ही खरी पावसाळ्याची बेगमी होती. ओढ्यानाल्यांना पूर येऊन वाटा तुटल्या, चूल जेमतेम पेटली, तरी घरातल्या तोंडांना काहीतरी मिळावे, हा त्यामागचा हिशेब. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांनी बुडालेली गावे मोजली. कोणत्या घरातली उतरंड किती दिवस पुरली, हे मोजायला कुणी गेले नाही. इतिहासाच्या दृष्टीने हे मोठेच नुकसान म्हटले पाहिजे.

येथे एका गोष्टीचा विसर पडू नये. पेव सर्वांच्या घरी नव्हते. सालदार, बलुतेदार, डोंगराच्या कुशीतले भिल्ल यांची बेगमी म्हणजे धन्याचे पेव. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले की खावटी उचलायची आणि सुगीत ती सवाईने वा दिढीने फेडायची. दुष्काळ पडला की फेड अशक्य होई आणि पुढल्या वर्षाची मजुरी आधीच गहाण पडे. जुन्या स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाताना ही बाजू आपण फार लवकर झाकतो.

१८६० नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कपाशी वाढली, पैसा खेळू लागला, आणि ज्वारी साठवून ठेवण्यापेक्षा विकून टाकणे फायद्याचे दिसू लागले. पुढे पाचोरा-जामनेर ही छोटी 'पी. जे.' आली. करोनाच्या साथीपर्यंत ती धावत होती. रेल्वेने धान्य बाहेर नेले, तसे दुष्काळात आतही आणले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु आलेले धान्य विकत घ्यायला हाती दाम लागतो. १८८० च्या दुष्काळ आयोगाने हे ओळखले होते. म्हणूनच लोकांना काम द्या, मजुरी द्या, असा त्याचा आग्रह होता. बेगमीचे ओझे घराच्या खांद्यावरून सरकारच्या खांद्यावर सरकले ते येथे.

१९७२ च्या दुष्काळात ते पूर्णपणे सरकले. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनच्या दुकानातली तांबडी मिलो, ही त्या पिढीची आठवण. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. जे पेव गरिबाच्या घरी कधीच नव्हते, त्याची जागा प्रथमच एका हक्काने घेतली. माझ्या मते हे महाराष्ट्राचे फार मोठे काम आहे.

तरीही घराची जबाबदारी संपत नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात पुराचे पाणी शिरले, तेव्हा पहिल्या काही तासांत मदत पोहोचण्यापूर्वी घरात जे होते, तेच कामी येणार होते. आता पीठ गिरणीतून आठवड्यापुरते येते, औषधे रोजची लागतात, आणि सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक भिजले तर नुकसानभरपाईसाठी खेटे घालावे लागतात. ही कागदपत्रे मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवणे, चार दिवसांचे कोरडे अन्न, औषधे, विजेरी आणि झाकलेले पाणी उंचावर ठेवणे, म्हणजे जुन्या उतरंडीचेच नवे रूप होय. यासाठी फार पैसा लागत नाही. घर मात्र लागते.

ज्यांना ते नव्हते, त्यांचे काय झाले, हे ८ मे २०२० रोजी दिसले. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळची गाडी गाठण्यासाठी रुळांवरून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. वाटेसाठी त्यांनी बरोबर घेतलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील छायाचित्रांत रुळांमध्ये विखुरलेल्या दिसत होत्या.