अंजनेरीची सोळा देवळे आणि दुकानांचे दान

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचे जन्मस्थान या श्रद्धेमुळे तो सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या पायथ्याशी विखुरलेल्या सोळा प्राचीन देवळांच्या अवशेषांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. यादवकाळातील या समूहात हिंदू व जैन मंदिरे एकमेकांच्या शेजारी आहेत. कोठे शिखर ढासळले आहे, तर कोठे नुसते स्तंभ उरले आहेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने हा समूह संरक्षित स्मारक म्हणून जपला आहे.

येथील एक संस्कृत शिलालेख व्यापारी समाजाने अवश्य जाणून घ्यावा असा आहे. तो शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ च्या सुमाराचा आहे. यादवकुळातील सेउणदेवाने आठवे तीर्थंकर श्री चंद्रप्रभ भगवान यांच्या मंदिरासाठी नगरातील दुकाने दान दिली. वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्यानेही लाहड व दशरथ यांच्यासह एक दुकान व एक घर अर्पण केले.

देवालय आणि बाजारपेठ यांचे हे नाते त्या परिसरात आणखी जुने आहे. अंजनेरीस सापडलेल्या, इ.स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटात राजा भोगशक्तीने नारायणाच्या मंदिराचा उत्सव चालविण्याचा भार नगरातील व्यापाऱ्यांवर सोपविला आहे. आपल्या महाडजवळील गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांतही एका श्रेष्ठीच्या, म्हणजेच शेठजींच्या, घराण्याचे दान कोरलेले आहे. धर्म कोणताही असो, पेठेने आपला वाटा उचलला.

वत्सराजाची दूरदृष्टी विशेष आहे. दगड एकदाच रचला जातो. पूजा, दिवाबत्ती व डागडुजी यांचा खर्च मात्र कधीच थांबत नाही. दुकान देणे म्हणजे सालोसाल येणारे उत्पन्न देणे होय. पुढे ती दुकाने राहिली नाहीत, ते नगरही राहिले नाही, आणि मंदिरे निराधार झाली.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी नवीन बांधकामाचे संकल्प सोडले जातात, ते स्वागतार्हच आहेत. परंतु जे उभे आहे त्याच्या निगराणीसाठी कायम निधी ठेवणे, हेही तेवढेच मोठे पुण्यकर्म आहे. अंजनेरीचे भग्न स्तंभ हेच सांगत आहेत.