केरीसाहेबांची चिकाटी

इंग्लंडात जोडे शिवणारे विल्यम केरी 1793 साली बंगालात उतरले. त्यांच्या हातून पहिल्या हिंदूचा बाप्तिस्मा झाला तो कृष्ण पाल या सुताराचा, 1800 च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे पदरी काही नाही; तरी बंगालीचा अभ्यास नि भाषांतर सुटले नाही. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या साह्याने 1805 त मराठी व्याकरण आणि 1810 त मोडी खिळ्यांत छापलेला कोश सिद्ध झाला.

11 मार्च 1812 ला श्रीरामपूरचा छापखाना जळाला. केरी तेव्हा कलकत्त्यात होते. सहकारी मार्शमन यांनी तिथे जाऊन त्यांना सांगितले. कागद, खिळे, हस्तलिखिते, कानडी नव्या कराराचे भाषांतरसुद्धा गेले. यंत्रे तेवढी वाचली. पन्नाशीतला हा माणूस पुन्हा लिहायला बसला. 1817 साली त्यांचे कानडी व्याकरण निघाले. (आपल्याकडच्या मराठी-कानडी वादात दोन्ही व्याकरणे लिहिणाऱ्या या जोडेवाल्याची आठवण कोणी काढत नाही!)

त्यांचा धर्मप्रसार पटो न पटो, पण नेता रोज कामावर बसलेला दिसे, आणि मार्शमन आणि वॉर्ड हे दोघेही मरेपर्यंत श्रीरामपूरच्या कामात राहिले. केरी स्वतः 41 वर्षांत एकदाही मायदेशी परतले नाहीत.