भाकरीचे माप

चैत्र-वैशाखात येलदरीच्या धरणावर उभे राहिले म्हणजे पूर्णेचे पाणी दूर मागे सरलेले दिसते. आवक थांबलेली, जावक मात्र चालू. शरीराचा हिशेबही असाच आहे, असे आपण ऐकतो: आवक कमी करा, साठा उतरेल. मग ज्याला वजन उतरवायचे तो विचारतो, रोज किती कॅलरी खाव्यात? उत्तरादाखल कोणी बाराशे सांगतो, कोणी पंधराशे. हे आकडे आले कोठून, हे पाहू गेल्यास मनुष्य थोडा सावध होतो.

आमच्या भागात भाकरी मोजून देण्याची पाळी प्रथम आली ती लठ्ठपणामुळे नव्हे, भुकेमुळे. १८७६-७७ च्या दुष्काळात मराठवाडा निजामाकडे होता. पुढील हकीकत पलीकडील इंग्रजी मुलखाची आहे. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांस हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीवर धाडले. खर्च आटोक्यात ठेवा, हा हुकूम. त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर आणली, वर मीठमिरचीपुरते थोडे पैसे. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर जगायचे! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज केले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तर आकडे मांडून या मापाने माणसे झिजून मरतील असे बजावले, आणि मे महिन्यात मद्रास सरकारला शिधा वाढवावा लागला.

त्या काळी अन्न कॅलरीत मोजण्याची रीत नव्हती. आजच्या कोष्टकाने पाहता शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० कॅलरी असतात. त्या हिशेबाने एक पौंड धान्य म्हणजे सोळाशेच्या आत. हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा.

अन्नाची उष्णता मोजण्याचे काम अमेरिकेत ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीर केले, आणि १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजा, असे सांगणारे पुस्तक काढले. बायकांसाठी त्यांनी सुचवलेला आकडा बाराशे. तो आजतागायत फिरतो आहे, घेणारी उंच की ठेंगणी, शेतात राबणारी की बैठ्या कामाची, हे न विचारता.

पुढे १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांस चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. रोजचे अन्न सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास, टेंपलसाहेबांच्या पौंडाइतकेच! वजन सुमारे चतुर्थांश घटले, पण माणसे चिडखोर व निरुत्साही झाली, त्यांस अन्नावाचून दुसरे काही सुचेना, आणि निर्बंध उठताच कित्येकांचे पोट काही केल्या भरेना. इतके असून हा आकडा धडधाकट पुरुषांनाही सौम्य पथ्य म्हणून सांगितला जातो, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्याकडे कॅलरी बोलू लागली ती पुन्हा भुकेच्याच बाजूने. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा आखताना माणशी रोज २२५० कॅलरी धरल्या. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. त्या साली रेशनवर मिळालेला लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. त्यांच्या नातवंडांना आज तोच आकडा वरून खाली मोजायचा आहे.

मग खाली किती? १९५८ साली न्यूयॉर्कचे डॉ. विश्नॉफ्स्की यांनी एक पौंड वजनास ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला. तो सोपा म्हणून रुजला. पण पुढे लोक तो वर्षानुवर्षे सरळ रेषेत ओढू लागले, ही चूक झाली. येथे पुन्हा धरणाकडे पाहावे. पाणी उतरते तसा त्याचा पसारा आक्रसतो, आणि उन्हाने उडणारे पाणीही कमी होते. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही घटतो. २०११ साली केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे गणित मांडले: रोजच्या आहारातून सुमारे २४ कॅलरी कायमच्या उणे केल्या, तर प्रौढाचे वजन अखेर एक किलोने उतरते, निम्मे वर्षभरात, बाकीचे बहुतेक तीन वर्षांत.

समजा, ऐंशी किलोच्या गृहस्थास सत्तरवर यायचे आहे. रोज २४० कॅलरी कमी, म्हणजे सत्तर ग्रॅम पिठाची एक भाकरी. जुन्या हिशेबाने वर्षात अकरा किलोंहून अधिक उतरायला हवेत. प्रत्यक्षात पाचच उतरतील. येथेच तो निराश होतो आणि बाराशेचा आकडा धरतो. वास्तविक त्याचे काहीच बिघडलेले नसते. त्याने आपल्या आजच्या खाण्यातून, आपल्या कामाच्या मानाने एक भाकरी काढली, तेवढे पुरे; मधुमेहाची औषधे चालू असल्यास मात्र आधी डॉक्टरांस विचारावे. सत्तरवर पोचल्यावर ती भाकरी ताटात परत येत नाही, एवढे मात्र त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.